बहर ओसरल्यानंतर

आपल्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन गेल्या वर्षी फेब्रुवारीत झाले, हे सर्वांना आठवत असेलच. पारितोषिक वितरणाच्या दिवशी व्यासपीठाच्या कडेला बारा कुंड्या मांडल्या होत्या, हे किती जणांना आठवते याविषयी मात्र मला शंका आहे. हातभर उंच, जाड, हिरवागार दांडा आणि त्याच्या टोकाला चार दिशांना तोंडे करून उघडलेली लालभडक, कर्ण्याच्या आकाराची फुले! प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या आरंभीच त्यांचे कौतुक केले. समारंभ आटोपल्यावर त्या कुंड्यांशेजारी उभे राहून फोटो काढून घेण्यासाठी अक्षरशः रांग लागली होती. त्या रांगेत मीही होते.

आठवड्याभरात फुले मलूल झाली. पाकळ्या ओल्या कागदासारख्या लोंबू लागल्या, दांडे वाकले. दहाव्या-बाराव्या दिवशी कुंड्या तेथून हलल्या. मग त्या गेल्या कोठे? वाहनतळाच्या मागे, मोडक्या बाकांच्या आणि फुटक्या फळ्यांच्या शेजारी. जूनमध्ये महाविद्यालय उघडल्यावर मी सहज तिकडे डोकावले तेव्हा बारांपैकी पाच कुंड्यांतले कंद कुजून गेले होते, तिघांची माती दगडासारखी वाळली होती आणि उरलेल्या चार कुंड्यांत, कोणी पाणी घातले नसताना, केवळ वळवाच्या पावसाच्या भरवशावर, लांब पट्ट्यांसारखी हिरवी पाने उभी होती.

हा लेख मी त्या कुंड्यांसाठी लिहीत आहे. राष्ट्रीय एकात्मता, आजचा युवक, साहित्य आणि समाज अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत एका मातीच्या कुंडीने पाट मांडून बसावे, हे काही वाचकांना खटकेल. त्यांची मी आधीच क्षमा मागते. पण मला असे वाटू लागले आहे की फूल गळून गेलेल्या झाडाशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या पुष्कळशा सवयी उघड्या पडतात.

प्रथम या झाडाची ओळख करून द्यायला हवी. आपल्याकडे त्याला सरसकट ‘लिली’ म्हणतात. रोपवाटिकेतला माणूस ‘अ‍ॅमेरिलिस’ म्हणतो. दोन्ही नावे तशी उसनीच. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 मध्ये ‘अ‍ॅमेरिलिस’ हे नाव वनस्पतिशास्त्रात रूढ केले. ते आले व्हर्जिल या रोमन कवीच्या गोपगीतांतील एका मेंढपाळ युवतीवरून. पुढे हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या झाडाचे की दक्षिण अमेरिकेतल्या, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला. विल्यम हर्बर्ट नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने 1821 मध्ये अमेरिकेतल्या झाडांना ‘हिप्पिअ‍ॅस्ट्रम’, म्हणजे घोडेस्वाराचा तारा, असे वेगळे नाव दिले; तरी वाद मिटला नाही. अखेर 1987 मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘अ‍ॅमेरिलिस’ हे नाव आफ्रिकेच्या वाट्याला गेले. म्हणजे आपल्या खिडकीतली लालभडक बाई शास्त्राच्या दृष्टीने अ‍ॅमेरिलिस नव्हेच! पण बाजारात आणि घरात ती त्याच नावाने वावरते आणि तिचे त्यावाचून काही अडत नाही.

नावापेक्षा महत्त्वाची आहे ती तिची घडण. कंद उभा चिरला तर तो कांद्यासारखा दिसतो. त्याचे एकेक पदर म्हणजे पानांचे मातीलगतचे भागच. त्यांत अन्न साठवलेले असते. पाने उन्हात साखर तयार करतात, ती खाली उतरते आणि पिष्टाच्या रूपाने पदरांत साठते. या कंदाच्या वाढीला एक ठरलेली लय आहे: साधारणपणे चार पाने, मग फुलांचा एक दांडा, पुन्हा चार पाने, पुन्हा दांडा. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी, की आज जो दांडा आपल्याला दिसतो त्याची कळी कित्येक महिने, बहुधा वर्षभर आधीच, कंदाच्या पोटात धरलेली असते.

या एका गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आपण बाजारातून मुठीएवढा कंद आणतो, कुंडीत लावतो, पाणी घालतो आणि सहा-आठ आठवड्यांत तो फुलतो. आपण शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो, ‘बघा, आमच्याकडे कसं फूल आलं!’ वस्तुतः त्या फुलाचे श्रेय आपल्याला नसते. हॉलंडमधल्या एखाद्या काचघरात किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या, ब्राझीलमधल्या एखाद्या शेतात कोणीतरी दोन-तीन वर्षे त्या कंदाची पाने जपलेली असतात. हे कंद परिघाच्या मापाने विकले जातात. 26-28 सेंटिमीटर, 28-30 सेंटिमीटर असे. जेवढा परीघ मोठा तेवढी किंमत जास्त, कारण तेवढा साठा अधिक, तेवढे दांडे अधिक. आपण विकत घेतो ती ही दुसऱ्याची शिल्लक. पहिले फूल त्या अनोळखी माणसाचे. आपले म्हणावे असे फूल दुसऱ्या वर्षीचे. आणि नेमके तेच आपल्याकडे येत नाही.

ते का येत नाही, हे मला स्वतःच्या चुकीवरून समजले. तीन वर्षांपूर्वी माझ्या मावशीने दिवाळीत आईला असा एक कंद दिला होता. तो जानेवारीत फुलला. घरात आनंदीआनंद झाला. फूल गेल्यावर मात्र पाने वाढू लागली, दीड-दीड हात लांब. खिडकीच्या गजांतून बाहेर लोंबू लागली, पडद्यात अडकू लागली. मला टापटिपीची भारी हौस. एका रविवारी मी कात्री घेतली आणि सगळी पाने बुडापासून छाटली. कुंडी स्वच्छ दिसू लागली. ती मी उचलून कपाटावर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. पुढच्या वर्षी तिच्यात दोन केविलवाणी पाने आली, फूल नाहीच. त्याच्या पुढच्या वर्षी माती उकरून पाहिली तर मुठीएवढा कंद लिंबाएवढा झालेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “वांझ निघाला गं तुमचा कंद.” हा शब्द किती सहज वापरला जातो, आणि ज्याच्यासाठी वापरतात त्याचा दोष किती वेळा मुळीच नसतो, याचा विचार मी त्या दिवशी प्रथम केला.

आपल्या महाविद्यालयाच्या माळीकाकांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, “पोरी, पानं कापलीस? अगं, फूल येऊन गेलं म्हणजे तो कंद बाळंतिणीसारखा असतो. त्याच्या अंगात काही उरलेलं नसतं. तेव्हाच त्याला खायला लागतं, आणि तू त्याच्या पुढचं ताट ओढून घेतलंस.” मी बरेच काही वाचले आहे, परंतु इतके नेमके वाक्य मला त्या विषयावरच्या कोणत्याही पुस्तकात आढळले नाही. फुललेला कंद दाबून पाहिला तर खरोखरच मऊ लागतो, आकाराने आक्रसतो. फूल हा त्याचा खर्च असतो. जमेची बाजू फूल गेल्यावर सुरू होते.

तेव्हा बहर ओसरल्यानंतर काय करावे, हे माळीकाकांकडून शिकले तसे आणि या वर्षी स्वतः करून पाहिले तसे येथे सांगते. फुले सुकू लागली की ती एकेक करून खुडावीत. मागचा हिरवा फुगीर भागही काढावा, कारण तेथेच बी धरते. बी धरू दिले तर तीन कप्प्यांचे बोंड येते, त्यात काळ्या, कागदासारख्या चपट्या बियांच्या चवडी असतात. पण त्यात कंदाची बरीच शक्ती जाते, आणि बियांपासून वाढवलेले रोप फुलायला तीन-चार वर्षे तरी घेते. दांडा मात्र घाईने कापू नये. तो आतून पोकळ असतो आणि हिरवा असेपर्यंत पानांसारखेच अन्न तयार करतो. तो पिवळा पडून आपण होऊन मऊ झाला की कापावा.

यानंतरचे काम म्हणजे पाने जपणे. ती सरळ उभी राहात नसतील तर काठीचा आधार द्यावा, पण वेणी घालून रबराने बांधू नये. कुंडी घरात होती तर हळूहळू उजेडाकडे, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात न्यावी. एकदम एप्रिलच्या भर उन्हात नेली तर पाने भाजतात. कंदाचा वरचा तिसरा भाग मातीच्या वर उघडा असावा. कुंडी फार मोठी नसावी. कंदाच्या भोवती बोट-दोन बोटे जागा पुरते. शेणखत किंवा गांडूळखत महिन्यातून एकदा थोडे-थोडे घालावे, चिमूटभर राख घालावी. नत्राचा भडिमार केला तर नुसती पाने माजतात.

आपल्याकडची खरी परीक्षा पावसाळ्यात. युरोपातल्या माणसाला हिवाळ्याची भीती, आपल्याला आषाढाची. कुंडीचे भोक बुजले आणि पाणी साचले की कंद तळापासून सडतो. वाहनतळामागचे पाच कंद असेच गेले. म्हणून मातीत वाळू हवी, कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचललेली हवी आणि झड लागली की वळचणीला हवी. याच दिवसांत पानांवर एक अळी पडते: काळी, अंगावर पांढुरके आणि तांबडे ठिपके असलेली, दिसायला मोठी देखणी. ती एका रात्रीत पान फस्त करते आणि सवड मिळाली तर कंदातही शिरते. तिला औषध नको. रोज सकाळी पान उलटून पाहायचे आणि वेचून काढायची. याला रोज दोन मिनिटे लागतात. पण रोज लागतात, हीच खरी अडचण.

दिवाळी सरली की पाणी कमी करत जायचे. पाने पिवळी पडू लागली तरी घाबरायचे नाही. त्यांतला उरलासुरला कस कंदात उतरत असतो. ती पूर्ण वाळली की काढावीत आणि कुंडी आठ-दहा आठवडे कोरड्या, गार, सावलीच्या जागी ठेवावी. काही जातींची पाने वर्षभर हिरवी राहतात. त्यांना सक्तीने झोपवू नये, पाणी तेवढे कमी करावे. मग जानेवारीच्या अखेरीस एकदा सोडून पाणी द्यावे आणि वाट पाहावी. दर तीन-चार वर्षांनी माती बदलावी. बाजूला पिलू-कंद धरले असतील तर ते त्या वेळी वेगळे करून कोणाला तरी द्यावेत. एक सूचना मात्र आवर्जून: हा कंद दिसायला कांद्यासारखा असला तरी विषारी आहे, पोटात गेला तर उलट्या होतात. लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांच्यापासून तो दूर ठेवावा.

सारांश, फुलाचा सोहळा दहा-बारा दिवसांचा आणि पानांचा संसार आठ-नऊ महिन्यांचा. आपली सगळी हौस त्या दहा दिवसांना वाहिलेली असते.

येथे काही मित्रांनी घेतलेले आक्षेप नोंदवले पाहिजेत. एक जण म्हणाला, “इतकी खटपट कशाला? पुढच्या वर्षी नवा कंद आणावा. तुझ्या नऊ महिन्यांच्या मेहनतीपेक्षा तो स्वस्तच पडेल.” हा आक्षेप खोटा नाही. प्रत्येक कंदाच्या बाबतीत फेकून देणे हे पापच आहे, असे मी म्हणणार नाही. ट्यूलिपचा कंद घ्या. त्याला फुलण्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. श्रीनगरला दल सरोवराच्या काठी, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिपची मोठी बाग आहे. तेथे तो शोभतो. तो आपल्या पठारावर एकदा फुलवला तर पुन्हा फुलणे जवळजवळ अशक्य. तेथे हट्ट धरणे म्हणजे झाडावर नव्हे, आपल्या अहंकारावर प्रेम करणे. आपल्या निशिगंधाची गोष्ट तर आणखी निराळी. मुळचा मेक्सिकोतला हा पाहुणा ‘गुलछडी’ होऊन आपल्या शेतांत आणि हारांत इतका रुजला की तो परका वाटत नाही. त्याचा एक कंद एकदाच फुलतो. पण जाता जाता तो भोवती पिल्ले ठेवून जातो आणि पुढचा बहर त्यांचा असतो. म्हणून शेतकरी एकदा लावलेल्या वाफ्यातून दोन-तीन वर्षे फुले तोडतो.

म्हणजे बहर ओसरल्यानंतर तीन शक्यता असतात. काही पुन्हा फुलणार नाहीत. त्यांना कृतज्ञतेने निरोप द्यावा. काही स्वतः फुलणार नाहीत, पण त्यांची पिल्ले फुलतील. आणि काही स्वतःच पुन्हा पुन्हा, वीस-पंचवीस वर्षेसुद्धा फुलतील, मात्र मधल्या काळात त्यांना कोणी सांभाळले तर. माझा आक्षेप फेकण्याला नाही. आपल्या हातात यांपैकी कोणता कंद आहे हे न पाहता फेकण्याला आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच वर्गातला. “आपण कला शाखेचे विद्यार्थी. हे काम वनस्पतिशास्त्राच्या मंडळींचे.” याचे उत्तर मी एका घड्याळजीच्या गोष्टीने देईन. आर्थर जॉन्सन हा इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातला घड्याळे दुरुस्त करणारा माणूस. त्याने 1799 च्या सुमारास या जातीच्या दोन झाडांचा संकर करून पहिले संकरित रोप मिळवले. लाल पाकळीवर मधोमध पांढरी रेघ असलेले ते फूल आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. तो शास्त्रज्ञ नव्हता. त्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. आपले काही कंद त्याने लिव्हरपूलच्या वनस्पती-उद्यानाला देऊन ठेवले. पुढे त्याचे स्वतःचे काचघर नष्ट झाले, पण दिलेले कंद वाचले होते. म्हणून ते फूल जगात राहिले. कोणत्या शाखेचा, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. कंदाची आणि माणसाची तुलना फार ताणू नये, हे मला कळते. माणूस कुंडीत बसत नाही आणि ठरावीक चार पानांनी फुलत नाही. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही प्रथम वर्षात प्रवेश घेतला तेव्हा आमच्या वर्गात एक मुलगी होती. बारावीला मराठीत ती तिच्या तालुक्यात पहिली आली होती. महाविद्यालयाने तिचा सत्कार केला, पुष्पगुच्छ दिला, छायाचित्र सूचनाफलकावर लावले. ते योग्यच झाले. पण ते यश आपल्या महाविद्यालयाचे नव्हते. ते तिच्या खेड्यातल्या शाळेचे, तेथल्या कोणा मास्तरांचे, कंदिलाच्या दिवसांपासून शिकू पाहणाऱ्या तिच्या घराचे होते. परिघाचे माप घेऊन आपण कंद आणला होता, इतकेच. नंतर ती इतर सत्तर जणांसारखी झाली: मागच्या बाकावर बसणारी, सामान्य गुण मिळवणारी. तिची नुसती पाने दिसत होती. द्वितीय वर्षाच्या दुसऱ्या सत्रात केव्हातरी ती यायची थांबली. नेमकी केव्हा, हे वर्गात कोणालाही सांगता आले नाही. मलाही नाही, आणि मी तिच्या शेजारी बसत असे. सूचनाफलकावरचे छायाचित्र मात्र त्यानंतरही बरेच दिवस होते.

यात कोणा एकाचा दोष नाही, हे मी प्रामाणिकपणे म्हणते. प्राध्यापकांपुढे एका वर्गात सत्तर-ऐंशी मुले असतात, कार्यालयापुढे अर्जांचे ढीग असतात आणि आम्हा विद्यार्थ्यांपुढे आम्ही स्वतः असतो. परंतु आपली सारी व्यवस्था फुलाभोवती बांधलेली आहे. प्रवेशाच्या वेळी गुणवंत कोण, निकालाच्या वेळी प्रथम कोण, संमेलनात चषक कोणाचा, याची नोंद होते. मधल्या महिन्यांत कोणाचे पान पिवळे पडत आहे याची नोंद ठेवणारे रजिस्टर आपल्याकडे नाही. हजेरीपट आहे खरा. पण हजेरीपटावर गैरहजेरीची खूण पडते, तिच्यामागचे कारण पडत नाही. अळी रोज सकाळी वेचायची असते. सत्र संपल्यावर वेचून उपयोग नसतो.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. या वर्षी संमेलनासाठी कुंड्या आणल्या तर त्या नंतर वाहनतळामागे जाऊ नयेत. ग्रंथालयासमोरच्या ओसरीवर सकाळचे ऊन येते; तेथे त्या वर्षभर, पानांसकट, ठेवाव्यात. एकेक कुंडी एकेका वर्गाने सांभाळावी आणि तिची तारखेनिशी वही ठेवावी. त्या नुसत्या पानांच्या कुंड्या पाहुण्यांना शोभिवंत वाटणार नाहीत, वाटू नयेत. महाविद्यालय हे मुख्यतः पानांचेच ठिकाण आहे, हे पाहुण्यांनाही कळू द्यावे. आणि दुसरी सूचना अशी, की आपल्या वार्षिकांकात यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापतो तशी, त्या वर्षी मध्येच शिक्षण सुटलेल्यांची चौकशी करणारी दोन-तीन विद्यार्थ्यांची आणि एका प्राध्यापकांची एक लहानशी समिती असावी. तिने छापायचे काही नाही. फक्त जाऊन विचारायचे. या दोन्ही कामांना पैसे जवळजवळ लागत नाहीत. त्यांना रोजची दोन मिनिटे लागतात, आणि ती देणे सर्वांत अवघड आहे हे मी वर कबूल केलेच आहे.

वाहनतळामागच्या चार कुंड्यांपैकी एक मी जूनमध्ये माळीकाकांना विचारून घरी आणली. उरलेल्या तिघी त्यांनी स्वतः आपल्या खोलीशेजारी सांभाळल्या आहेत. पावसाळ्यात माझ्या कुंडीतून मी एकूण अकरा अळ्या वेचल्या. नवी सात पाने आली. दिवाळीनंतर पाणी तोडले, पाने वाळली. दोन महिने कुंडीत मातीखेरीज आणि कंदाच्या तपकिरी मानेखेरीज काही नव्हते, आई दोनदा म्हणाली, “ही रिकामी कुंडी कशाला अडवून ठेवली आहेस?”

याच दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मुलीचा नंबर मिळवून तिला फोन केला. वडिलांचे आजारपण, धाकटी भावंडे, घरचे काम. नेहमीचीच कारणे, पण ती कधी कोणी विचारलीच नव्हती. जूनमध्ये पुन्हा अर्ज भरायचा विचार आहे, असे ती म्हणाली. भरील किंवा न भरील. मी तिला गेल्या सत्राच्या टिपणांच्या प्रती पाठवल्या आहेत.

हा लेख संपादकांच्या हाती देण्याची तारीख जानेवारीअखेरची. गेल्या आठवड्यात मी कुंडीला पहिले पाणी दिले. आज सकाळी कंदाच्या मानेत एक हिरवे टोक दिसले. टोक चपटे असले तर पान आणि जाड, बोथट असले तर दांडा, असे माळीकाका सांगतात. पण ते अजून इतके लहान आहे की मला काही ठरवता येत नाही. दांडा असेल तर या वर्षीच्या संमेलनापर्यंत तो फुलेल आणि मी कुंडी घेऊन येईन. पान असेल तर आणखी एक वर्ष सांभाळीन. तोवर ग्रंथालयासमोरच्या ओसरीवर जागा करून ठेवावी, एवढीच विनंती.